सल्ला हवा: वाळवंटात शिकायला जुनी फोर बाय फोर कोणती घ्यावी?

नवा_भिडू
मंडळी, रस्त्यावर गाडी चालवून हात बसलाय, वाळूत मात्र शून्य अनुभव. मित्रांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून वाळूच्या टेकड्या पाहिल्या आणि आता स्वतः चालवायची खुमखुमी आलीये. नवी कोरी गाडी वाळूत घालायची छाती नाही, म्हणून सेकंडहँड बघतोय. रोज कामावर जायलाही तीच वापरणार. घरात चौघं, त्यात दोन लहान मुलं.

डोक्यात असलेली नावं: मित्सुबिशी पजेरो, टोयोटा एफजे क्रूझर, निसान पॅट्रोल (वाय ६१), जीप रँग्लर. बायको म्हणते सुझुकी जिम्नी, कारण ती "दिसायला गोड" आहे.

पेट्रोल घेऊ की डिझेल? ऑटो की मॅन्युअल? आधीच उंच केलेली, मोठे टायर लावलेली एक गाडी स्वस्तात मिळतेय, ती घ्यावी का? आणि घरी ऑल व्हील ड्राइव्ह क्रॉसओव्हर आहे. सुरुवात तिच्यावर केली तर नाही का चालणार?

रेतीमामा
शेवटच्या प्रश्नापासून येतो, कारण तिथेच सगळे घसरतात. क्रॉसओव्हर सपाट, घट्ट वाळूवर खुशाल ने. टेकड्यांत नको. अशा बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना जोर देणारं काम एक छोटं क्लचचं कपलिंग करतं. मऊ वाळूत सतत जोर लागला की ते तापतं, मग गाडीचा कॉम्प्युटर त्याला वाचवायला मागची चाकं सोडून देतो. नेमकं अर्ध्या चढावर. शिवाय लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर) नाही, पोट खाली, आणि पुढच्या बंपरची खालची कड वाळूत फावड्यासारखी घुसते.

म्हणजे तुझी पहिली अट लो रेंज असलेला ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा. दुसरी, पुढे आणि मागे चासीला बोल्टने घट्ट बसवलेले ओढायचे हूक. तिसरी, टायरची बाजू उंच हवी. २० इंची चकचकीत रिम असलेली गाडी विकणारा "टॉप मॉडेल" म्हणून विकेल, पण आपल्याला १७ किंवा त्याहून लहान रिम बरी. कारण वाळूत सगळा खेळ हवेचा आहे. रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय असलेली हवा आपण १५ च्या आसपास आणतो. टायर दबून त्याचा ठसा लांब होतो, उंटाचा तळवा पसरतो तसा, आणि गाडी वाळू खणायच्या ऐवजी वरून तरंगते. बाजूच नसेल तर टायर दबणार कुठून? दबला तरी पहिल्या दगडाला रिम वाकणार.

आता तुझी नावं.

पजेरो: १९९९ पासूनच्या पजेरोला वेगळी शिडीची चासी नाही, ती बॉडीतच सामावलेली आहे, आणि मागचं सस्पेन्शनही स्वतंत्र आहे. कट्टर लोक यावरून नाक मुरडतात. मुरडू देत. वाळूत ती बिनधास्त चालते, आणि सुपर सिलेक्टवाल्या (मित्सुबिशीची फोर व्हील पद्धत) गाडीत फोर व्हील डांबरावरही लावून ठेवता येते, कारण पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरेन्शियल मध्ये आहे. रोजच्या वापराला तुझ्या यादीत सगळ्यात सोयीची. ३.० लिटरची चढावर जरा धापा टाकते, ३.८ मिळाली तर सोनं. कमजोरी म्हणजे पुढचा बंपर. टेकडीच्या पायथ्याशी जोरात उतरलास की पहिला तोच जाईल.

एफजे क्रूझर: ४.० लिटर व्ही ६, चाकांच्या पुढे-मागे बाहेर येणारा भाग छोटा, दणकट. पण मागची दारं उलटी उघडतात आणि पुढचं दार उघडल्याशिवाय उघडतच नाहीत. दोन लहान मुलांना रोज शाळेच्या दारात उतरवायचं असेल तर शोरूममध्ये पाहून हरखू नकोस, मुलांना घेऊन जा आणि करून बघ. मागच्या कोपऱ्यांतून दिसतंही कमी.

पॅट्रोल वाय ६१: पुढे-मागे अख्खे ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच दणकट दांड्यावर), ४.८ चं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन. वाळूतला राजा. पण राजासारखाच पितो. आणि मुख्य म्हणजे कुणी हात न लावलेली मिळणं कठीण. या गाडीला लोकांनी टर्बो लावणं, उंच करणं, काय काय केलेलं असतं.

रँग्लर: जेके पिढीची घ्यायची तर २०१२ नंतरची बघ. तिला ३.६ लिटरचं इंजिन आलं, आधीचं ३.८ वाळूत मंद वाटतं. चार दारांचीच घे. दोन दारांची मजेशीर आहे, पण आखूड असल्यामुळे उतारावर तिरकी झाली तर नवख्याला सांभाळत नाही.

पेट्रोल आणि ऑटो. मॅन्युअलमध्ये चढावर गिअर बदलताना जो क्षणभर वेग तुटतो, तेवढ्यात गाडी बसते. मग क्लच घासत बसायचं, आणि संध्याकाळपर्यंत प्लेटचा वास.

डिझेलभक्त
पेट्रोलच का म्हणे? खालचा टॉर्क डिझेलला जास्त, टाकीही जास्त पुरते.

रेतीमामा
दगडगोट्यांत आणि लांबच्या प्रवासात तुमचंच खरं. उंच मऊ टेकडीवर इंजिन वरच्या फेऱ्यांत फिरत ठेवावं लागतं, आणि पाय दाबला की लगेच उत्तर हवं. जुन्या टर्बो डिझेलला ते द्यायला वेळ लागतो. चांगली ठेवलेली डिझेल समोर आली तर सोडू नये, एवढं मान्य.

लो_रेंज_ताई
उंच केलेल्या गाडीबद्दल कुणीच बोललं नाही. भिडू, ती स्वस्त का आहे ते विचार. मोठे टायर लावले की गिअरिंग बिघडतं, ब्रेक लांब लागतात, बेअरिंग आणि बॉल जॉइंटवर ताण येतो, स्पीडोमीटर खोटं बोलतो. उंची वाढली की गुरुत्वमध्य वर जातो, म्हणजे कलंडायला सोपी. आणि हे सगळं कुणी केलं, कशा बोल्टने केलं, कोणत्या वायरीवर लाइटबार जोडला, हे तुला कळणार नाही. पहिली गाडी कंपनीतून निघाली तशी घे. बदल करायचे ते वर्षभर चालवल्यावर, तुला काय कमी पडतं ते कळलं की.

आता गाडी बघायला कसं जायचं ते सांगते. आधीच कळव की इंजिन थंड ठेवा. पोचल्यावर बॉनेटला हात लाव. गरम असेल तर सकाळी पुन्हा येतो म्हण.

चटई आणि टॉर्च घेऊन खाली झोप. रंगाच्या चकाकीवर जाऊ नकोस, गाडीची खरी कुंडली पोटाखाली असते. पोटाच्या पत्र्यावर ओरखडे असणारच, त्याला घाबरू नकोस. ओरखडे सरळ लांब असतील तर गाडी टेकडीच्या माथ्यावर घासली आहे, बस. खोलगट ठोकर आणि दुमडलेले काठ असतील तर ती उडून आपटली आहे. मग चासीची पुढची दोन टोकं बघ. लोखंडाला सुरकुती, ताजा काळा रंग किंवा नवं वेल्डिंग दिसलं तर हात जोडून निघ. अख्ख्या ॲक्सलच्या गाडीत स्टिअरिंग बॉक्स चासीला जिथे बसतो तिथे केसाएवढा तडा आहे का ते नखाने चाचपून बघ. टॉर्चच्या उजेडात तो ओरखड्यासारखाच दिसतो, पण नख अडकतं.

चाकांजवळचे रबरी बूट फाटलेले नकोत. एकदा वाळू आत गेली की तो जॉइंट गेला. गंज बघ. कोरड्या वाळवंटात वापरलेली गाडी फारशी गंजत नाही. समुद्रकिनाऱ्यावर खेळवलेली असेल तर मीठ आतून खातं, सांध्यांत तपकिरी पापुद्रे सुटलेले दिसतील.

गिअरबॉक्सचं तेल काढून हुंगायचं. जळका वास नको. काही ऑटो गाड्यांत हे तेल थंड करायची नळी रेडिएटरच्या पोटातूनच जाते. ती आतून फुटली की कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरतं आणि दोन्हीचं गुलाबीसर दुधाळ सरबत होतं. रेडिएटरचं झाकण उघडून (थंड असताना!) तसा काही चिकटा दिसतो का बघ. दिसला तर फुकट दिली तरी नको.

मग एसी पूर्ण लावून गाडी पंधरा-वीस मिनिटं जागेवर चालू ठेव आणि तापमानाचा काटा बघत बस. विकणारा कंटाळेल, कंटाळू दे. वाळूत गाडी कमी वेगात जास्तीत जास्त जोर लावते, वारा लागत नाही, म्हणून कूलिंगमधली कसूर तिथे पहिल्या तासात उघडी पडते.

शेवटी कच्च्या जागेवर नेऊन फोर हाय (साधी फोर व्हील) आणि फोर लो (लो रेंजची) दोन्ही लावून बघ. पार्ट टाइम गाडी (मध्ये डिफरेन्शियल नसलेली) असेल तर हे डांबरावर करू नकोस, गिअरांना पीळ पडतो. कित्येक गाड्यांचा लो रेंजचा दांडा मालकाने कधी हलवलेलाच नसतो, तो अडकून बसलेला असतो.

टेकडीपल्याड
ताईंना अनुमोदन. माझी भर एवढीच की ज्यांच्याबरोबर जाणार त्यांच्या गाड्या कोणत्या ते आधी बघा. त्यांच्यासारखीच घेतली तर कुठली नळी फुटली, कुठला सेन्सर गेला हे जागेवर सांगणारा माणूस भेटतो. जिम्नी अकराशे किलोच्या आसपास, पॅट्रोल दोन टनांच्या वर. रुतलेली पॅट्रोल जिम्नीने ओढायची म्हटली तर कठीणच.

जिम्नीवाली
हे वाचून गप्प बसवेना. रुतलेली पॅट्रोल आम्ही ओढत नाही, आम्ही फावडं देतो. 🙂 गंमत सोडा, हलकी गाडी मऊ वाळूवर वरच राहते, आणि रुतलीच तर दोघं जण धक्का मारून काढतात. शिकायला यापेक्षा चांगली गाडी नाही, कारण ताकद कमी असल्यामुळे वाळूत कुठून जायचं ती ओळ निवडायला शिकावंच लागतं. नुसता पाय दाबून भागत नाही. पण चौघं आणि सामान? माझं प्रामाणिक उत्तर: नाही. मागची सीट वापरली तर डिकीत पाण्याचे कॅन आणि कंप्रेसर एवढंच मावतं. वहिनींना सांगा, गोड आहे हे खरंच आहे, पण तुमच्या घराला पुरणार नाही.

नवा_भिडू
सगळ्यांचे खूप आभार, एवढं तपशिलात कुणी सांगेल वाटलं नव्हतं. उंच केलेली गाडी यादीतून बाद. काल ३.८ ची पजेरो बघून आलो, ऑटो, चौथी पिढी. मालक म्हणतो "वाळू बघितलेलीच नाही." पण मागच्या सीटखालचा गालिचा उचलला तर कोपऱ्यात बारीक लाल रेती होती. पुढचा बंपर नव्याने रंगवलेला. चासीच्या टोकांना सुरकुती नाही. चारही टायर नवे दिसतात, जाड नक्षीचे चिखलाचे. फोर व्हील लावल्यावर डॅशबोर्डवरचे पुढच्या चाकांचे दिवे बराच वेळ लुकलुकत राहिले, मग स्थिर झाले. घ्यावी का?

लो_रेंज_ताई
रेती सापडली याचं काही नाही. मालक खोटं बोलला याचं आहे. जो वाळूबद्दल खोटं बोलतो तो तेल कधी बदललं त्याबद्दल खरं बोलेल का? सर्व्हिसच्या पावत्या माग. "पुस्तक हरवलं" असं उत्तर आलं तर भाव पाड किंवा सोड.

बंपर रंगवलेला असणं पजेरोत नेहमीचं. बंपरच्या मागे बघ. रेडिएटरला धरणारी पट्टी सरळ आहे का, दिव्यांचे कान तुटून चिकटवलेत का.

दिव्यांचं मात्र नीट बघायला हवं. लुकलुकणं म्हणजे पुढचा ॲक्सल अजून पूर्ण जोडला गेलेला नाही. थोडं पुढे-मागे केल्यावर लगेच स्थिर झाले तर ठीक. नेहमीच वेळ लागत असेल तर निर्वाताच्या (व्हॅक्यूमच्या) नळ्या किंवा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) तपासावे लागतील. दुरुस्ती फार मोठी नाही, पण तुझ्या बोलणीत ती यायला हवी. अशा गाडीत मागच्या डिफ लॉकचं (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं) बटण आहे का तेही बघ. सगळ्या ट्रिममध्ये ते नसतं.

रेतीमामा
टायरवरचा डॉट कोड वाच. शेवटचे चार आकडे. २३१९ लिहिलं असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी नवी आणि रबर म्हातारं, असं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं हमखास असतं. हवा काढून तापल्या वाळूत पळवलास की बाजूला चिरा पडतात. आणि चिखलाचे टायर वाळूत खणतात, तरंगत नाहीत. साधे ऑल टेरेनच घे. म्हणजे टायरांचा खर्च तुझ्या हिशोबात धरलाच पाहिजे. ठरवलेल्या पैशांतला पाचवा हिस्सा गाडीला लावूच नकोस, तो टायर, सगळी तेलं, बॅटरी आणि वाळूच्या सामानासाठी बाजूला काढ.

नवा_भिडू
सामान म्हणजे नेमकं काय? दुकानात गेलो तर तो विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) आणि रूफ रॅकपासून सुरू झाला.

रेतीमामा
विंच कशाला बांधणार, वाळूत झाड कुठंय? प्रेशर गेज, चांगला कंप्रेसर, लांब दांड्याचं फावडं, ताणला जाणारा काइनेटिक दोर, दोर अडकवायला दोन सॉफ्ट शॅकल (दोरीच्या मजबूत कड्या), जॅकखाली ठेवायला जाड फळी. टेकडीपलीकडच्याला दिसावा म्हणून उंच काठीवर झेंडा. पाणी भरपूर.

आणि एक, हे हसण्यावारी नेऊ नकोस. टोचन लावताना दोर ट्रेलरच्या गोळ्याला कधीही अडकवायचा नाही. तो गोळा झटक्यासाठी बनवलेला नसतो. तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा काच फोडून आत येतो, माणसं मेली आहेत त्याने. गाडी ट्रकवर बांधायला जी कडी दिलेली असते, तीही चालत नाही. बंपरमध्ये स्क्रू करून बसवायचा हूक फक्त सपाट रस्त्यावर ओढायला.

टेकडीपल्याड
पहिल्या दिवशी एकटा जाऊ नकोस, कमीत कमी दोन गाड्या हव्यात. ट्रॅक्शन कंट्रोल बंद कर, नाहीतर चाक जरा फिरलं की ते इंजिनाचा दम काढून घेतं. गाडी बसतेय वाटलं की पाय लगेच काढ, आल्या वाटेने मागे ये. तिथेच रेस देत राहिलास तर पोटावर बसेल. उतार नेहमी सरळ उतरायचा, तिरका नाही. गाडी कलायला लागली तर स्टिअरिंग उताराच्या दिशेने वळव. मन उलट सांगतं, ऐकू नकोस.

नवा_भिडू
मालकाला पावत्यांबद्दल विचारलं. आधी "शोधतो" म्हणाला, आज फोन उचलत नाहीये. दुसरी एक सापडली आहे, तीच पिढी, ३.८, एकच मालक, १७ इंची रिम, सर्व्हिसचं पुस्तक आहे. रंग मात्र भयंकर, कुणीतरी सोनेरी केलीये. बायको बघूनच नको म्हणाली.

जिम्नीवाली
सोनेरी घ्या. रंगापायी भाव उतरतो, आणि वाळूत दिसणारही नाही. झेंडा जरा जास्त उंच लावा, एवढंच.

लो_रेंज_ताई
आधी खाली झोपून चासीच्या टोकांचे, चारही बुटांचे आणि डॉट कोडचे फोटो काढ आणि इथे टाक. मग रंगाचं बघू.