क्लब मॅनेजरने शिकायचं कुठून? कमिटीपुढे ट्रेनिंगचं बजेट मांडायचंय

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका खासगी क्लबात अकरा वर्षं झाली, आधी फ्रंट ऑफिस, मग रेस्टॉरंट, आणि दीड वर्षापूर्वी मोठे मॅनेजर साहेब रिटायर झाल्यावर कमिटीने मलाच त्या खुर्चीत बसवलं. साधारण अकराशे मेंबर, स्विमिंग टँक, बॅडमिंटनची दोन कोर्टं, कार्ड रूम, रेस्टॉरंट, बार, लॉन आणि नऊ गेस्ट रूम. माझं शिक्षण हॉटेल मॅनेजमेंटचं, त्यामुळे किचन आणि सर्व्हिस मला येतं, पण क्लब म्हणजे हॉटेल नाही हे या दीड वर्षात रोज कळतंय. हॉटेलात गेस्ट दोन दिवसांनी जातो, इथे समोरचा माणूस गेस्ट पण असतो, मालक पण असतो आणि पुढच्या निवडणुकीत माझा बॉस पण होऊ शकतो.

एक प्रसंग सांगतो म्हणजे प्रश्न का विचारतोय ते कळेल. मे महिन्यात समर कॅम्पच्या बॅचमधल्या चार-पाच पोरांचे डोळे लाल झाले, पालक ऑफिसात आले. मी टँकचं रजिस्टर काढलं तर मागचे तीन महिने रोज पीएच ७.४, रोज क्लोरीन २, एकाच पेनाने, एकाच अक्षरात, रविवारी टँक बंद असतो त्या दिवशीची पण एंट्री. टेस्ट किट उघडून बघितलं तर त्यातलं लिक्विड एक्स्पायर होऊन वर्ष झालेलं. रोज संध्याकाळी त्या रजिस्टरवर सही मीच करत होतो. तो दिवस मी विसरलेलो नाही. पाण्याचं मला कोणी शिकवलंच नव्हतं आणि मी पण कोणाला विचारलं नव्हतं.

आता चेअरमन साहेबांनी स्वतःहून सांगितलंय की एप्रिलपासूनच्या बजेटमध्ये मॅनेजर आणि स्टाफच्या ट्रेनिंगसाठी रक्कम मांड, आम्ही बघतो. कमिटीतल्या दोघांचं मत आहे की मॅनेजरला कशाला ट्रेनिंग, शिकला की दुसरीकडे जाईल. माझ्या डोक्यात तीन गोष्टी आहेत, अमेरिकेच्या असोसिएशनचं ते सीसीएम सर्टिफिकेट, नाहीतर मुक्त विद्यापीठातून एमबीए, नाहीतर छोटे छोटे कोर्स. आपल्याकडे अनंत कान्हेरे मैदानालाच गोल्फ क्लब म्हणतात, म्हणून क्लब म्हटलं की लोकांना तिथला जॉगिंग ट्रॅक आठवतो, त्यामुळे क्लब चालवणं हे वेगळं शिकायचं काम आहे हे घरच्यांनाही समजावून सांगावं लागतं. या लाइनमधल्या अनुभवी लोकांनी कृपया सांगा, पैसे आणि वेळ कुठे घालू?

दुबईतला सिडकोकर

भाऊ, सीसीएमबद्दल मी सांगू शकतो, मी इकडे त्याच रस्त्यावर आहे. सीसीएम म्हणजे सर्टिफाइड क्लब मॅनेजर. हे देते ती सीएमएए, १९२७ पासूनची अमेरिकेतली क्लब मॅनेजर लोकांची संघटना. आधी नावात मॅनेजर्स होतं, आता क्लब मॅनेजमेंट असोसिएशन म्हणतात. एक लक्षात घ्या, हा फी भरून देऊन टाकायचा पेपर नाही. आधी मेंबर व्हायचं, क्लबात काम करत असल्याची वर्षं दाखवायची, त्यांचे बिझनेस मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटचे कोर्स, ज्याला सगळे बीएमआय म्हणतात, ते करून क्रेडिट जमवायचे आणि शेवटी परीक्षा. सर्टिफिकेट मिळाल्यावर पण शिकत राहावं लागतं, नाहीतर ते टिकत नाही. त्यांची दरवर्षी वर्ल्ड कॉन्फरन्स होते, जगभरातले मॅनेजर येतात.

नाशिकहून अमेरिकेला जाऊन हे करणं खर्चाच्या दृष्टीने फार जड आहे, खरं सांगतो. युरोपच्या संघटनेचा, म्हणजे सीएमएईचा, मॅनेजमेंट डेव्हलपमेंट प्रोग्रॅम आहे, एमडीपी एक आणि दोन असे भाग. मी एमडीपी एक केला. आठवडाभर बसून शिकलो. सगळ्यात जास्त फायदा झाला गव्हर्नन्सच्या सेशनचा, म्हणजे कमिटीचं काम कुठे संपतं आणि मॅनेजरचं कुठे सुरू होतं. माझ्या बाजूला एक आयरिश मॅनेजर बसला होता, तो सांगत होता की त्याच्या क्लबचा कॅप्टन थेट माळ्याला ऑर्डर देतो. मला तर वाटलं हा आमच्याच क्लबबद्दल बोलतोय.

माझं मत असं की पहिल्या वर्षी सर्टिफिकेटच्या मागे लागू नका, पण त्यांनी मॅनेजरला काय काय यायला हवं याचे जे विषय ठरवलेत ते बघा. गव्हर्नन्स, फूड अँड बेव्हरेज, अकाउंट्स, एचआर, बिल्डिंग आणि मेंटेनन्स, सरकारी कायदे, मेंबरशिप, स्पोर्ट्स, माणसं सांभाळणं. प्रत्येकापुढे स्वतःला दहापैकी प्रामाणिक मार्क द्या. मी दिले तेव्हा बिल्डिंग मेंटेनन्सला तीन आले. बजेट कशावर मांडायचं ते त्या कागदावरच दिसतं.

जुना सेक्रेटरी

गंगापूररोडकर, तुम्ही रजिस्टरची गोष्ट इतकी सरळ लिहिलीत ते फार आवडलं. मी पुण्यात आणि नाशकात मिळून एकतीस वर्षं क्लबांची नोकरी केली, आता कॉलेज रोडला घरी असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुमच्या क्लबची घटना आणि बायलॉज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेत का? कोर्स नंतर. काही क्लब १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आहेत आणि आपल्याकडे त्यांची पब्लिक ट्रस्ट म्हणूनही नोंद असते, म्हणजे कमिटी बदलली की त्या बदलाची नोंद करायला चेंज रिपोर्ट, दरवर्षी ऑडिट, धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस. काही क्लब कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली आहेत, जे जुन्या १९५६ च्या कायद्यात कलम २५ होतं, त्यांचं सगळं रजिस्ट्रार ऑफ कंपनीजकडे. दोन्हीत एजीएमची, म्हणजे वार्षिक सभेची, नोटीस, कोरम, मेंबरला सस्पेंड करायची पद्धत वेगवेगळी. मी एका क्लबात जॉइन झालो तेव्हा एका मेंबरला म्हणणं न ऐकताच काढून टाकलेलं होतं, तो कोर्टात गेला आणि आम्ही सहा वर्षं तारखा करत बसलो. बायलॉजच्या एका ओळीत लिहिलेलं होतं की लेखी नोटीस देऊन खुलासा मागवावा. ती ओळ कोणी वाचलीच नव्हती.

दुसरी गोष्ट, कमिटी दोन-तीन वर्षांनी बदलते, मॅनेजर राहतो. क्लबची आठवण म्हणजे मॅनेजर. तुमच्या आधीच्या साहेबांना चहाला बोलवा, दोन-तीन वेळा, आणि वही घेऊन बसा. लॉनखालची पाइपलाइन कुठून जाते, कोणत्या मेंबरशी काय वाद झाला होता, जनरेटर कधी ओव्हरहॉल केला, हे कोणत्याही युनिव्हर्सिटीत मिळणार नाही. एकदा ते गेले की गेलं.

तिसरं म्हणजे बार. तुम्ही रेस्टॉरंटमधून आलात म्हणून सांगतो, क्लबचं लायसन्स एफएल-४, हॉटेलच्या परमिट रूमचं एफएल-३, तुमचं रजिस्टर रोज टॅली झालं पाहिजे. साडेसातशे मिलीच्या बाटलीत तीस मिलीचे पंचवीस पेग. महिन्याला दोनशे बाटल्या जात असतील आणि प्रत्येकीमागे फक्त एक छोटा पेग इकडेतिकडे झाला तरी दोनशे पेग, म्हणजे आठ बाटल्या. मी दर सोमवारी सकाळी स्वतः बारमध्ये उभा राहून उघड्या बाटल्या मोजायचो, कोणावर संशय म्हणून नाही, मोजणारा आहे एवढं कळलं तरी पुष्कळ होतं. आमचा बारमन सुरुवातीला रागावला होता, दोन महिन्यांनी तोच मला रविवारी रात्री फोन करून विचारायचा, साहेब उद्या किती वाजता येताय.

आणि शेवटचं, ज्याला जवळजवळ पैसे लागत नाहीत. तुमच्या क्लबची बाहेरगावच्या क्लबांशी अॅफिलिएशन असेलच. मेंबर तिकडे जाऊन राहतात, मॅनेजर कधीच जात नाही. तिथल्या सेक्रेटरींना पत्र लिहा, की दोन दिवस येऊ का, गेस्ट म्हणून नको, तुमच्या ऑफिसात बसतो, स्टोअर बघतो, लाँड्री बघतो. मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. उलट ते पण आपल्याकडे येतात. मी सगळ्यात जास्त शिकलो ते अशा मागच्या दाराने. कमिटीतले ते दोघे जे म्हणतात ना की शिकला की जाईल, त्यांना सांगा, न शिकलेला मॅनेजर वीस वर्षं राहिला तर क्लबला किती महाग पडतो ते टँकच्या रजिस्टरमध्ये दिसलंच आहे.

सीए शरणपूर रोड

जुन्या सेक्रेटरी साहेबांच्या मुद्द्यात फक्त टॅक्सची भर घालतो, कारण क्लबचे मॅनेजर इथेच सगळ्यात जास्त अडकतात आणि कमिटीपुढे उत्तर देता येत नाही.

म्युच्युअलिटी हा शब्द नीट समजून घ्या. आपणच आपल्यासाठी पैसे जमवतो, त्यात नफा कसला, हा त्याचा गाभा. ३ ऑक्टोबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाने कलकत्ता क्लबच्या केसमध्ये हे तत्त्व क्लबांच्या बाजूने मान्य केलं, पण ते सेल्स टॅक्स आणि सर्व्हिस टॅक्सच्या जुन्या कायद्याबद्दल होतं. नंतर २०२१ च्या फायनान्स अॅक्टने जीएसटी कायद्यात कलम ७(१)(एए) घातलं, क्लब आणि मेंबर वेगळे धरायचे म्हणजे मेंबरकडून घेतलेल्या पैशावरही जीएसटी, आणि तेही १ जुलै २०१७ पासून मागे जाऊन. एप्रिल २०२५ मध्ये केरळ हायकोर्टाने डॉक्टरांच्या संघटनेच्या केसमध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. हे वाचून कोणी मेंबर एजीएममध्ये उठून म्हणेल की सब्स्क्रिप्शनवर १८ टक्के जीएसटी कशाला लावता, तर तिथल्या तिथे हो म्हणू नका, तुमच्या सल्लागाराकडून लेखी मत घ्या. आणि इन्कम टॅक्समध्ये २०१३ चा बेंगलोर क्लबचा निकाल आहेच, बँकेतल्या एफडीच्या व्याजाला म्युच्युअलिटी लागत नाही, मग बँक स्वतः क्लबची मेंबर असली तरी. एवढं आलं तर ट्रेझररसमोर तुम्ही आत्मविश्वासाने बोलाल.

आणखी एक. जानेवारी आणि जुलैमध्ये फायर ऑडिटचा फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट, जातो का बघा. तो चुकला की कोणी विचारत नाही, फक्त काही घडलं की विचारतात.

किचनवाली ताई अंबड

दादा माझं थोडक्यात. मॅनेजरच्या कोर्सच्या आधी किचनच्या पोरांचं फॉस्टॅक करून घ्या, म्हणजे अन्न सुरक्षेचं ट्रेनिंग, सरकारच्या एफएसएसएआयचं आहे, एक-दोन दिवसांचं, खर्च फार नाही, दर पंचवीस माणसांमागे एक ट्रेनिंग झालेला सुपरवायझर असावा असं त्यांचं म्हणणं आहे. आमच्याकडे मी पाच जणांना पाठवलं, परत आल्यावर त्यातल्या सगळ्यात गप्प मुलाने, जो भांडी घासायचा, फ्रीजवर कागद चिकटवला, पाचच्या खाली, आणि गरम जेवणाच्या काउंटरवर, साठच्या वर. मी सांगून चार वर्षं कोणी थर्मामीटर हातात घेतला नव्हता. आता तो नाश्त्याच्या सेक्शनला आहे. तळणाच्या तेलाचं पण विचारा, पोलर कंपाउंड, म्हणजे तेल परत परत तापून त्यात तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल फेकायचं असतं, रविवारी मिसळ आणि भजी दोन्ही असतात तेव्हा ते दुपारीच होतं.

आणि बायका काम करत असतील, दहा किंवा जास्त स्टाफ असेल, तर पॉशची, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी बघणारी, कमिटी कागदावरच आहे की तिच्या बैठका होतात ते पण बघा. बाहेरची एक मेंबर लागते. आमच्या हाउसकीपिंगच्या बायकांना तिचं नावच माहीत नव्हतं.

गंगापूररोडकर

मंडळी, मनापासून आभार. काल रात्री बसून सिडकोकर दादांनी सांगितले तसे मार्क दिले. सर्व्हिसला आठ, गव्हर्नन्सला चार, कायद्याला तीन, मेंटेनन्सला दोन. बायलॉज मी पूर्ण वाचलेले नव्हते हे पण कबूल करतो, आजपासून रोज चार पानं.

कमिटीपुढे असं मांडतोय. किचनच्या आठ जणांचं फॉस्टॅक. टँकवाल्या दोघांना पाण्याचं रीतसर ट्रेनिंग, नवीन किट, आणि रजिस्टर मेंबरला दिसेल असं टँकच्या भिंतीवर. माझ्यासाठी दोन अॅफिलिएटेड क्लबांत दोन-दोन दिवस, फक्त प्रवास खर्च. एमबीए सध्या बाजूला. सीसीएम तीन वर्षांनी बघू, तोवर त्यांचे ऑनलाइन काही परवडले तर करीन. मागच्या साहेबांना रविवारी चहाला बोलावलंय, ते इतके खूश झाले की फोनवरच पाइपलाइनचं सांगायला लागले.

एक विचार आला तो पण टाकतो. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ ला कुंभाची स्नानं आहेत, बाहेरच्या क्लबांचे मेंबर आत्तापासून रूम विचारतायत, पाणी, पोलीस पास, स्टाफ घरून येणार कसा, हे प्रश्न नाशिकच्या प्रत्येक क्लबला सारखेच आहेत. आपण सात-आठ मॅनेजर महिन्यातून एकदा भेटलो तर? नाव नको, रजिस्ट्रेशन नको, फक्त बसायचं.

जुना सेक्रेटरी

भेटा, नक्की भेटा. जागा दरवेळी वेगळ्या क्लबात ठेवा म्हणजे स्टोअर आणि पंप रूम पण बघून होईल. मी येतो. पहिल्या वेळी प्रत्येकाने आपलं टँकचं नाहीतर बारचं रजिस्टर घेऊन यायचं, आहे तसं, नवीन लिहून नाही.

किचनवाली ताई अंबड

बुधवार ठेवा, बुधवारी आमच्याकडे लंच कमी असतं. मी तेलाचा टेस्टर आणते.