स्टर्नम, स्टेथो, थोरॅक्स : छातीसाठी तीन ग्रीक शब्द

स्टर्नम म्हणजे छातीच्या मधोमध असलेले उभे, चपटे हाड. मूळ ग्रीक ‘स्टेर्नॉन’ या शब्दाचा अर्थ मात्र छाती असाच होता. शरीररचनाशास्त्रात तो आकसत हाडापुरता उरला. त्यामुळे ‘उरोस्थी’ हा आपला प्रतिशब्द मुळापेक्षाही नेमका आहे, असे माझे मत आहे.

‘थोरॅक्स’चा प्रवास उलट दिशेने झाला. ग्रीकमध्ये ते छातीवर चढवायचे चिलखत. पुढे चिलखताचे नाव आतल्या शरीरभागालाच चिकटले. शस्त्रक्रियांच्या नावांत हा भेद उपयोगी पडतो : थोरॅकोटॉमीत सहसा दोन बरगड्यांच्या मधून छाती उघडतात, तर स्टर्नोटॉमीत, जी हृदयाच्या अनेक शस्त्रक्रियांसाठी करतात, उरोस्थीच उभी कापतात.

तिसरा शब्द ‘स्टेथॉस’, अर्थ पुन्हा छातीच. फ्रेंच वैद्य रने लाएनेक यांनी १८१६ मध्ये कागदाची गुंडाळी छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले आणि त्यातून घडलेल्या उपकरणाच्या, म्हणजे स्टेथोस्कोपच्या, नावात पाहणे या अर्थाचे ‘स्कोपेइन’ जोडले. ऐकण्याच्या साधनाला पाहण्याचे क्रियापद मिळाले खरे, पण ‘तपासणे’ या अर्थाने ते खपून जाते. ‘स्टेथॉस’सारखाच भासणारा, स्टेनोसिस (वाहिनी किंवा झडप अरुंद होणे) या शब्दातला ‘स्टेनॉस’ म्हणजे अरुंद. त्याचा छातीशी संबंध नाही.

उरोस्थीच्या भागांची नावे पाहिली, तर जुन्या शरीरशास्त्रज्ञांना या हाडात तलवार दिसली होती हे कळते. वरचा भाग मॅन्युब्रियम, म्हणजे मूठ, आणि मधला ग्लॅडिओलस, म्हणजे छोटी तलवार, ही नावे लॅटिन आहेत. खालच्या टोकाचे ‘झायफॉइड’ तेवढे ग्रीक, ‘झायफॉस’ म्हणजे तलवार यावरून आलेले. हे टोक तरुणपणी कूर्चेचे असते आणि वयाबरोबर त्याचे हाड होत जाते. बरगड्या जुळतात तिथे ते बोटाला कडक लागले की काहींना गाठ आल्याचीच धास्ती वाटते.

स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड हे लांबलचक नाव तर स्नायूचा पत्ताच सांगते. मान उजवीकडे वळवली की डाव्या बाजूला जो तिरपा स्नायू उठून दिसतो तो हाच; तो खाली उरोस्थीला आणि गळपट्टीच्या हाडाला, वर कानामागच्या उंचवट्याला जोडलेला असतो. त्या उंचवट्याचा आकार स्तनासारखा वाटल्याने ‘मास्टॉस’, म्हणजे स्तन, या शब्दावरून त्याला मॅस्टॉइड म्हटले गेले. मॅस्टायटिस आणि मॅस्टॉयडायटिस ही नावे म्हणूनच सारखी भासतात, पण पहिला स्तनाचा दाह असतो आणि दुसरा कानामागच्या हाडाचा.