दोन्ही बलं सारखी असतील तर पृथ्वी वळते कशी?

निरभ्र:
मुलगी आठवीत आहे. सूर्य पृथ्वीला आत ओढतो, केंद्रापसारी बल बाहेर ढकलतं, दोन्ही सारखी म्हणून पृथ्वी कक्षेत राहते, असं तिला शिकवलंय. ती विचारते, "बाबा, दोन्ही सारखी तर एकूण बल शून्य. मग पृथ्वी सरळ निघून जायला हवी ना?" जाणकारांनी कृपया सांगावं.

ध्रुवतारा:
मुलीने नेमकं बोट ठेवलंय, तिला शाबासकी द्या! बलं तोलली गेली असती तर पृथ्वी खरंच सरळ गेली असती. बाहेर ढकलणारं बल नाहीच. पृथ्वीसोबत फिरत हिशेब मांडला तरच ते धरावं लागतं. बाहेरून पाहिलं तर बल एकच, सूर्याची ओढ. आणि पृथ्वी सूर्याकडे सतत पडतेच आहे.

तिला आकडेच दाखवा. पृथ्वी सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर आडवी धावते. त्याच एका सेकंदात ती सरळ रेषेपासून सूर्याच्या बाजूला किती सरकते? जेमतेम 3 मिलिमीटर. 30 किलोमीटर पुढे, 3 मिलिमीटर आत! तासाभरात 1 लाख 7 हजार किलोमीटर पुढे आणि साधारण 38 किलोमीटर आत. हे असं वर्षभर चालतं आणि कक्षा पुरी होते. आडवा वेग काढून घेतला तर तीच पृथ्वी साधारण 65 दिवसांत सूर्यात जाऊन पडेल.

हा वेग आला कुठून, असं ती विचारेलच. ज्या वायू-धुळीच्या ढगातून सुमारे 460 कोटी वर्षांपूर्वी सूर्य आणि ग्रह घडले, तो ढगच फिरत होता. तेच फिरणं ग्रहांकडे आलं. अवकाशात अडवायला हवा नाही, त्यामुळे ते टिकून आहे.

निरभ्र:
तिला पटलं! पण लगेच पुढचा प्रश्न आला. कक्षा लंबवर्तुळाकार आहे, म्हणजे पृथ्वी कधी सूर्याच्या जवळ येते. जवळ आली की ओढ वाढते. मग ती आणखी आत न जाता परत लांब का जाते?

ध्रुवतारा:
फार सुंदर प्रश्न. पडताना वेग वाढतो, यात उत्तर आहे.

जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी उपसूर्य बिंदूवर, म्हणजे सूर्याच्या सर्वात जवळ, सुमारे 14.71 कोटी किलोमीटरवर असते. तेवढ्या अंतरावर गोल कक्षेत फिरायला सेकंदाला 30.04 किलोमीटर वेग पुरतो. तिचा असतो 30.29. वेग जास्त, म्हणून ती बाहेर सरकू लागते. बाहेर जाताना सूर्याची ओढ तिचा वेग कमी करत राहते. जुलैच्या सुरुवातीला 15.21 कोटी किलोमीटरवर गोल कक्षेसाठी 29.54 हवा, आणि तिच्याकडे उरतो 29.29. आता वेग कमी, म्हणून पुन्हा आत. जवळ असताना ग्रह जलद आणि लांब असताना हळू, हे खगोलशास्त्रज्ञ केप्लरने 1609 मध्ये मांडलं, तेही टायको ब्राहे या आकाशनिरीक्षकाच्या मंगळाच्या नोंदींवरून. कारण कळायला न्यूटनचं 1687 उजाडावं लागलं.

शुक्रतारका:
थोडी भर घालते. सूर्याकडे जायचं तर यानाला हा आडवा वेग घालवावा लागतो, आणि ते महाकठीण. पार्कर सोलर प्रोब 2018 मध्ये निघालं. वेग कमी करत करत आत जाण्यासाठी त्याला शुक्राजवळून सात वेळा जावं लागलं, आणि डिसेंबर 2024 मध्ये ते सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे 61 लाख किलोमीटरवर पोचलं. मुलीला हे नक्की सांगा.

निरभ्र:
दोघांचेही मनापासून आभार. पृथ्वीचा वेग बदलतो हे घरच्या घरी पडताळता येईल का?

ध्रुवतारा:
येईल, कॅलेंडर घ्या. वसंतसंपात ते शरदसंपात, म्हणजे दिवस-रात्र सारखे असण्याच्या मार्चमधल्या दिवसापासून सप्टेंबरमधल्या तशाच दिवसापर्यंत, दिवस मोजा. मग सप्टेंबरपासून पुढच्या मार्चपर्यंत. दोन्ही वेळा पृथ्वी सूर्याभोवती अर्धीच फेरी मारते, पण पहिल्या भागात 186 दिवस भरतात आणि दुसऱ्यात 179. पृथ्वी सर्वात जलद असते तो जानेवारी दुसऱ्या भागात येतो, म्हणून तो भाग लवकर संपतो.