मदत हवी आहे: अंडी घालून झाल्यावर क्रॅपी मासे जातात कुठे?

डॅलसच्या उत्तरेला राहतो. बोट नाही, त्यामुळे गरवणं सगळं लुइसव्हिल तलावाच्या काठावरूनच. मार्चअखेरीस पाणी साठ-पासष्ट फॅरनहाइटवर आलं तेव्हा क्रॅपी अगदी काठाशी होते. बुडालेल्या झुडपांलगत, दोन-तीन फूट पाण्यात मिनो (आमिषाचा छोटा मासा) सोडला की बॉबर, म्हणजे तंगुसावरचा तरंगता फुगा, बुडालाच. एका सकाळी मी आणि मुलीने अकरा काढले.

आता मे अर्धा सरला. जागा तीच, मिनो तेच, आणि तीन शनिवारांत लागला फक्त एक. तोही मी घालवला. लहानपणी वेंगुर्ल्याच्या खाडीत आजोबांबरोबर गरवताना झटका द्यायची सवय लागली, ती सुटत नाही. क्रॅपीचे ओठ कागदासारखे. गरीला नुसता पातळ पारदर्शक तुकडा आला. मुलगी तो बोटावर घेऊन कितीतरी वेळ बघत होती. फार वाईट वाटलं.

वाचलंय ते असं: माद्या आधी खोल जातात, नर घरट्याची राखण करत थोडे दिवस मागे राहतात, मग सगळेच बारा-वीस फुटांवर, बुडलेल्या झाडांत आणि पुलाच्या खांबांशी. पण काठावरून तिथवर पोचायचं कसं? खाडीत भरती बघून जागा ठरायची, इथे कशावरून ठरवू?

टेक्सासात दिवसाला २५ ठेवता येतात, १० इंचांखालचा सोडायचा. मला पंचवीस नकोत. चार मिळाले तरी रवा लावून घरी तव्यावर पडतील.

प्रतिसाद

दादा, उथळ काठ आता सोडा. मासेमारीचा धक्का किंवा काठालगतचे पुलाचे खांब गाठा, तेही अंधार पडल्यावर. पाण्यावर हिरवा दिवा लावा. उजेडाला बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे शॅड नावाचे छोटे मासे, शॅडमागे क्रॅपी. तासभर तरी धीर धरा.

सरकता बॉबर घ्या. तंगुसाला गाठ मारा, बॉबर सरकत येऊन तिथे अडतो आणि मिनो तेवढाच खोल जातो. आधी आठ फूट, नाही लागला तर दोन-दोन फुटांनी खाली. क्रॅपी वर बघून खातो, म्हणून मिनो त्याच्या डोक्यावर हवा, खाली गेला की वाया. आणि बॉबर बुडाला की रॉड नुसता हळू उचला, तंगूस ताणलेला ठेवा, मासा जाळीतच घ्या. हातभर लांब दांड्याची जाळी धक्क्यावर पुरत नाही, लांब दांड्याचीच न्या.

कितव्या फुटावर लागला ते इथे नक्की लिहा.