घरच्या जनावरांपासून ताटात नेमकं किती येतं? हिशेब कसा लावायचा?

पशुसखी, आर्वी तालुका
नमस्कार. बचत गटातल्या बायांसोबत आम्ही घरोघरी लिहून घेतोय, जनावरांपासून खायला किती मिळतं ते. छापील तक्त्यात रकाने तीनच: दूध, अंडी, मटण. माझं तिथंच अडतं.

पोळ्याच्या करीला गल्लीत वाट्याचा बकरा कापला. जिवंत वजन २४ किलो. काटा माझाच होता, म्हणून सगळंच तोललं. मटण ११ किलो. शिवाय कलेजी, दिल, गुर्दे, फोपसं मिळून सव्वा किलो, मुंडी आणि पाय सव्वादोन, धुतलेली वजडी दीड, रगती म्हणजे रक्त पाऊण किलो. म्हणजे पावणेसहा किलो खाणं तक्त्यात कुठंच नाही! ज्यांना मटणाचा वाटा झेपत नाही त्यांच्याच घरी मुंडी-वजडी जाते. त्यांच्या नावापुढं शून्य लिहायला माझा हात धजत नाही.

दुसरं, एका आजीकडं नागपुरी म्हैस आहे. ती तूप विकते आणि ताक शेजारीपाजारी फुकट वाटते. तिच्या दुधाचं काय लिहू?

वर्ध्याचा शेळीवाला
ताई, रकाने वाढवा, दुसरा उपाय नाही. कलेजी वेगळीच लिहा, मटणात मिसळू नका. तिच्यात लोह आणि अ जीवनसत्त्व भरपूर असतं, वजनात ते दिसत नाही. मटण हाडासकट तोललं असेल तर हाडाचं वजन वजा करून मगच प्रथिनं काढा. निव्वळ मांसात किलोमागं साधारण २०० ग्रॅम धरा. कातडं व्यापाऱ्याकडं जातं, ते खाण्यात नको.

डेअरीवाला, पुसद
आजीचं दूध दोनदा मोजू नका. एकतर दूध लिहा, नाहीतर तूप आणि ताक लिहा. म्हशीच्या १५ लिटर दुधाचं जेमतेम किलोभर तूप निघतं. स्निग्धांश तुपात गेला तरी प्रथिनं जवळपास सगळी ताकातच राहतात, १५ लिटरमागं अर्ध्या किलोच्या वर. म्हणून ज्या घरी ताक जातं, त्या घरच्या नावावर ते चढवा. पारडू पितं ते आधीच वजा.

दारव्हा
माही माय म्हणते, शेणखत न् बैलाची मेहनत बी लिहा, त्याच्याशिवाय तूर कुठून येते?

पशुसखी, आर्वी तालुका
काकूंचं खरं आहे, पण तूर पिकांच्या हिशेबात येते. तीच परत बैलाच्या नावावर किलोत चढवली तर डेअरीवाल्या भाऊंनी सांगितलं तसं दोनदा मोजणं होईल. शेणखत आणि बैलजोडी शेवटी वेगळ्या ओळीत लिहीन.

चाऱ्याची ओळही घालते. तुरीचं कुटार, कडबा, सरकीची ढेप माणूस खात नाही, म्हणून शेळी-म्हशीचं दूध-मटण बहुतेक निव्वळ भरच आहे. कोंबड्यांना मका टाकतात तिथं मात्र तेवढा मका अंड्यांतून वजा करावा लागेल. उकिरड्यावर चरणाऱ्या गावरान कोंबडीला तो प्रश्नच नाही, आणि तिच्या एका अंड्यात पाच ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात.

आता एकच राहिलं: बाजारात जिवंत विकलेला बोकड. तो कुणाच्या खात्यात?

वर्ध्याचा शेळीवाला
गावच्या उत्पादनात धरा, घरच्या खाण्यात नको. घरात त्याचे पैसे आले, ताट दुसऱ्याचं भरलं. दोन तक्ते करा, एक पिकलेल्याचा, एक खाल्लेल्याचा. आणि रगती दुसऱ्या तक्त्यात नक्की घाला.