मानेचं फ्यूजन (मणके एकमेकांना जोडण्याचं ऑपरेशन) जुळलं नाही, दुसऱ्या ऑपरेशनने काय सुटतं?

प्रश्न: सी५-सी६ला (मानेचा पाचवा-सहावा मणका) समोरून केज-प्लेट (मणक्यांमध्ये आधाराचा ठोकळा, वर स्क्रूने बसवलेली पट्टी), वर्षानंतरही हाड जुळलेलं नाही, स्क्रू सैल. मान आणि हात दोन्ही दुखतात. पुन्हा समोरून की मागून?

उत्तर १: आधी खात्री करा. पातळ कापांचा सीटी काढा. मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे घ्या. त्या दोन मणक्यांच्या मागच्या काट्यांमधलं (मागे आलेल्या हाडाच्या टोकांमधलं) अंतर १ मिमीहून जास्त बदललं तर तिथे हालचाल आहे. सीआरपीही (सूज-इन्फेक्शन दाखवणारी रक्ततपासणी) करा, सैल स्क्रूमागे दबलेलं इन्फेक्शन असू शकतं.

उत्तर २: मागून स्क्रू-रॉड घातल्यास हाड जुळण्याची शक्यता जास्त, पण स्नायू सोलावे लागतात, म्हणून रक्तस्राव आणि जखमेचं इन्फेक्शनही जास्त. प्लेट अन्ननलिकेला टोचत असेल तर मात्र समोरूनच. तेव्हा गळ्याची बाजू (डावी-उजवी) बदलण्याआधी दुर्बिणीने स्वरतंतू बघाच! एक लुळा असताना दुसराही दुखावला तर श्वास अडतो.

उत्तर ३: नस दबलेली असेल तर हाताची कळ मानदुखीपेक्षा चांगली कमी होते. जुना बधिरपणा राहू शकतो. सिगारेट, तंबाखू आधीच बंद.