तुरुंगात धर्म बदलला म्हणून शिक्षा माफ करायची का?

मंजिरी७: टेक्सासच्या कार्ला फे टकरबद्दल वाचलं, १९८३ ला ह्यूस्टनमध्ये कुदळीने दोन खून, मग तुरुंगात ख्रिस्ती झाली, पार बदलली, पोपनी पण दया मागितली तरी १९९८ मध्ये विषारी इंजेक्शन देऊन मारलंच. बरोबर झालं का?

रानवारा: हो. देव माफ करेल तो त्याचा प्रश्न, मेलेल्यांच्या घरच्यांचं काय? उद्या प्रत्येक कैदी माळ घालून बसेल.

सुमेध_क: अहो पण मेलेल्या बाईचा भाऊच म्हणत होता की हिला मारू नका!! वाचून पार हललो मी. आणि सोडून द्या असं नाही, जन्मठेप द्या एवढंच मागणं होतं.

मंजिरी७: जन्मठेप पटते, पण मग सुधारलेल्या नास्तिक कैद्यालाही तेच मिळायला हवं ना?